विज्ञान शिकणारी मुले उशीवर : जुन्या चित्रापासून शिवलेल्या अभ्र्यापर्यंत

भिंगातून किडा निरखणारी मुलगी, तुलेच्या पारड्यात चिमट्याने वजने ठेवणारा मुलगा, पृथ्वीगोलाभोवती गोळा झालेला वर्ग, अशी जुनी चित्रे छापलेल्या शोभेच्या उशा घरात, वाचनकोपऱ्यात किंवा शाळेच्या ग्रंथालयात फार शोभून दिसतात. मात्र तयार मिळणाऱ्या अभ्र्यांवर चेहरे बऱ्याचदा काळवंडलेले असतात, किंवा नेमके उपकरणच शिवणीत गेलेले असते. याचे कारण असे की बहुतेक वेळा कापड आणि छपाई आधी ठरते व चित्र मागाहून त्यात बसवले जाते. माझ्या मते क्रम उलटा हवा. हाती आलेले चित्र मुळात कोणत्या जातीचे आहे, म्हणजे रेषांचे, छायाचित्राचे की छापील पानावरच्या ठिपक्यांचे, हे ओळखले की कापड, छपाईची पद्धत आणि अभ्र्याचा आकार यांपैकी निम्मेअधिक निर्णय आपोआप होतात. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

चित्र कोठे शोधावे

सर्वांत समृद्ध साठा सार्वजनिक संग्रहांत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या छायाचित्रकर्तीने 1899 साली वॉशिंग्टनच्या सार्वजनिक शाळांमध्ये काढलेली छायाचित्रे आहेत. बाकांवर उपकरणे मांडून प्रयोग पाहणारी आणि वर्गाबाहेर जाऊन निसर्ग निरखणारी मुले त्यांत दिसतात. त्या काळी मुले स्थिर उभी करून छायाचित्र काढावे लागे, त्यामुळे या चित्रांत एक प्रकारचा गंभीर ठेहराव आहे आणि तो उशीवर फार चांगला दिसतो. त्याच ग्रंथालयात 1935 ते 1944 या काळात अमेरिकी सरकारच्या छायाचित्रकारांनी काढलेली चित्रेही आहेत. ग्रामीण शाळांतील वर्ग पाहण्यासाठी ती चाळावीत.

छायाचित्रणापूर्वीच्या काळातले काही हवे असेल तर जोसेफ राइट ऑफ डर्बी या इंग्रज चित्रकाराकडे वळावे. सुमारे 1766 मधील त्याच्या एका तैलचित्रात सूर्यमालेच्या यांत्रिक प्रतिकृतीभोवती माणसे जमलेली आहेत आणि मध्यभागी लपवलेल्या दिव्याच्या उजेडात दोन मुलांचे चेहरे उजळले आहेत. त्याचेच 1768 मधील हवेच्या पंपाचे चित्र अधिक प्रसिद्ध आहे, पण त्यात काचपात्रातील पक्ष्याचा श्वास कोंडतो आहे आणि एका मुलीने डोळे झाकून घेतले आहेत. ते चित्र थोर आहे यात शंका नाही, तरी लहान मुलाच्या पलंगावर मी ते ठेवणार नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून तरुण श्रोत्यांसाठी नाताळची व्याख्याने होत आली आहेत. मायकेल फॅरेडे यांच्या 1855 मधील अशा एका व्याख्यानाचे अलेक्झांडर ब्लेकली यांनी काढलेले चित्र उपलब्ध आहे. मात्र त्यात माणसांची दाटी एवढी आहे की चौकोनी अभ्र्यापेक्षा ते लांबट उशीला जास्त मानवते.

हक्कांचा प्रश्न टाळू नये. स्वतःच्या घरासाठी एक उशी करणे आणि पन्नास उशा करून विकणे यांत मोठा फरक आहे, आणि विकायच्या असतील तर प्रत्येक चित्राची स्थिती आधी तपासलीच पाहिजे. मुदत देशागणिक बदलते. अमेरिकेत 1978 पूर्वी प्रकाशित झालेल्या कृतींवरील हक्क जास्तीत जास्त प्रकाशनापासून 95 वर्षे टिकतो. युरोपीय संघात सर्वसाधारणपणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षे मोजतात, तर भारतात लेखक-चित्रकारांच्या बाबतीत ही मुदत 60 वर्षांची आहे. सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा उपग्रह 1957 मध्ये आकाशात गेल्यावर अमेरिकेत शालेय विज्ञानाला अचानक महत्त्व आले, आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या किंवा अणूची प्रतिकृती हाती धरलेल्या मुलांची असंख्य चित्रे त्या सुमारास छापली गेली. ती जुनी दिसतात म्हणून मोकळी आहेत असे समजणे ही नेहमीची चूक आहे. अमेरिकेत 1964 पूर्वी प्रकाशित झालेल्या कृतीच्या हक्काचे वेळेत नूतनीकरण झाले नसेल तर ती लवकर मोकळी होते, आणि नूतनीकरण झाले की नाही हे नोंदींत पाहावे लागते. शिवाय चित्रातली ओळखू येणारी मुले आज हयात असू शकतात. म्हणून विक्रीसाठी मी शंभर वर्षांहून जुन्याच चित्रांना हात घालतो.

एक गमतीची पडताळणी येथेच सांगून टाकतो. वर्गातल्या भिंतीवरच्या सूर्यमालेच्या तक्त्यात प्लूटो दिसत असेल तर ते चित्र 1930 पूर्वीचे असूच शकत नाही, कारण त्याचा शोध त्या वर्षी लागला. तो नववा ग्रह म्हणून मिरवत असेल तर घाबरू नये. 2006 पासून त्याची गणना बटुग्रहांत होते हे खरे, पण जुन्या चित्रातली जुनी समजूत हाच तर त्याचा गोडवा आहे.

चित्राची जात ओळखणे

संगणकाच्या पडद्यावर चित्र पुष्कळ मोठे करून पाहावे. केवळ काळ्या रेषा आणि मधला पांढरा कागद दिसत असेल तर ते ठशावरून छापलेले रेषाचित्र आहे. एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाच्या पुस्तकांत लाकडी ठशांवरची अशी चित्रे विपुल आहेत. करड्या छटा सलग विरत जात असतील तर ते मूळ छायाचित्र किंवा रंगचित्र आहे. आणि छटांच्या जागी लहान-मोठ्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते हाफटोन पद्धतीने छापलेल्या पानावरून घेतलेले चित्र आहे.

रेषाचित्र सर्वांत सोयीचे. ते 600 किंवा 1200 डीपीआयने (म्हणजे इंचाला तेवढ्या ठिपक्यांनी) स्कॅन करावे, कागदाचा पिवळेपणा काढून टाकावा आणि रेषा निव्वळ काळ्या कराव्यात. असे चित्र हवे तेवढे मोठे करता येते आणि जाडसर कापडावरही ते टिकून राहते.

हाफटोनच्या चित्राला सर्वांत जपावे लागते. छापील पानावरची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर आली की लाटांसारखे नक्षीदार पट्टे उमटतात. ते घालवण्यासाठी पान 600 डीपीआय किंवा त्याहून अधिकने स्कॅन करावे, ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत चित्र किंचित पुसट करावे, मग ते हव्या आकाराला आणावे आणि शेवटी कडा थोड्या तीक्ष्ण कराव्यात. हा क्रम बदलू नये. आधी आकार लहान केला तर पट्टे चित्रातच गोठून बसतात. चित्र किती मोठे करायचे यालाही मर्यादा आहे. चांगल्या मासिकाच्या छपाईत इंचाला सुमारे 150 ठिपक्यांच्या ओळी असतात. 12 सें.मी. रुंदीचे चित्र चौपट करून 48 सें.मी. केले की याच ओळी सेंटिमीटरला जेमतेम 15 उरतात आणि जवळून स्पष्ट दिसू लागतात. त्यामुळे असे चित्र दुपटीपेक्षा मोठे न करता मध्यभागी लहान ठेवून भोवती मोकळे कापड सोडावे, किंवा मग ठिपके लपवण्याचा प्रयत्नच न करता तेच सजावट म्हणून मिरवावेत. अर्धवट लपवलेले ठिपके मात्र वाईट दिसतात.

चौकट : हात, डोळे आणि उपकरण

विज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या चित्रात तीन गोष्टी बोलतात : मुलाची नजर, त्याचे हात आणि ज्याकडे तो पाहतो आहे ती वस्तू. चित्र कापताना या तिन्ही राहिल्या पाहिजेत. बाकी शिक्षक, खिडक्या, मागच्या बाकांवरची मुले गेली तरी चालते. नुसता गोड चेहरा ठेवून परीक्षानळी कापून टाकली तर उरते ते कोणत्याही जुन्या मुलाचे चित्र, आणि विषयच हातातून निसटतो.

उशी सपाट नसते ही गोष्ट पडद्यावर काम करताना विसरली जाते. भरल्यावर अभ्रा मध्यभागी फुगतो आणि कडेचे चार-पाच सेंटिमीटर मागे वळतात. म्हणून कडेपासून किमान 5 सें.मी. आत कोणताही चेहरा, हात किंवा अक्षर येऊ देऊ नये. चेहरा बरोबर मध्यावरही नको, कारण फुगवट्यावर तो गुबगुबीत दिसतो आणि टेकणाऱ्याची पाठ नेमकी तेथेच घासते. उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाजवळ चेहरा आणि खालच्या भागात उपकरण अशी मांडणी मला सर्वांत बरी वाटते. कागदावर चित्र छापून ते कापून प्रत्यक्ष उशीवर टाचण्यांनी लावून पाहावे. पाच मिनिटांचे हे काम पुढचा पुष्कळ पस्तावा वाचवते.

पिक्सेल आणि छटा

आकाराचा हिशेब सोपा आहे. तयार अभ्रा 45 सें.मी. चौरस हवा असेल तर शिवणीसाठी प्रत्येक बाजूला 1.5 सें.मी. धरून छपाई 48 सें.मी.ची, म्हणजे सुमारे 18.9 इंचांची होते. इंचाला 150 पिक्सेल धरले तर 2,835 पिक्सेल लागतात, आणि 200 धरले तर 3,780. कागदावरच्या छपाईसाठी 300 ची शिफारस केली जाते, पण कापडाची वीणच मुळी बारकावे गिळते, त्यामुळे जाड कॅनव्हासवर 150 पुरेसे होतात आणि तलम सॅटिनसारख्या कापडावर 200 घ्यावेत. लहान चित्र सॉफ्टवेअरने ताणून आकडा गाठू नये. विशेषतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी मोठे केलेले जुने चेहरे नीट तपासावेत, कारण ती साधने पापण्या, दात आणि बोटे स्वतःच्या कल्पनेने भरतात. तुलेच्या काट्यावरचे आकडे तर हमखास विद्रूप होतात.

छटांच्या बाबतीत मुख्य अडचण अंधाराची आहे. कापडावर शाई किंचित पसरते आणि गडद भाग एकमेकांत मिसळून काळा ठिपका तयार होतो. जोसेफ राइटची दिव्याच्या उजेडातली चित्रे किंवा काळ्या पोशाखातल्या मुलांची छायाचित्रे यात पहिली बळी पडतात. म्हणून पडद्यावर चित्र जरा फिके वाटेल इतपत गडद छटा वर उचलाव्यात. कृष्णधवल छायाचित्र रंगीत शायांनी छापले की त्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येण्याची शक्यता असते, कारण करडा रंग अनेक शायांच्या तोलातून तयार होतो आणि तो तोल कापडागणिक ढळतो. यावर सोपा उपाय म्हणजे चित्राला मुद्दामच हलकी तपकिरी छटा द्यावी, म्हणजे थोडीशी झाक तिच्यात लपून जाते. जुन्या कागदाचे डाग आणि सुरकुत्या सगळ्याच पुसू नयेत. चेहऱ्यावरून गेलेला ओरखडा काढावा, कोपऱ्यातला डाग राहू द्यावा.

पूर्ण छपाईपूर्वी नमुनापट्टी छापून घेण्याचा आग्रह मी धरतो. 10 सें.मी. रुंदीच्या पट्टीत चित्रातील सर्वांत गडद भाग, एक चेहरा आणि सर्वांत बारीक रेषा तीन वेगवेगळ्या उजळपणांत छापावी आणि दिवसाच्या उजेडात, दोन मीटरवरून पाहावी.

कापड आणि छपाईची पद्धत

येथे चित्राच्या जातीचा निर्णय कामी येतो. सलग छटांच्या छायाचित्रासाठी सब्लिमेशन ही सर्वांत सुलभ पद्धत आहे. विशेष कागदावर छापलेला रंग सुमारे 190 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाला 45 ते 60 सेकंद दाबला की त्याची वाफ होऊन तो धाग्यात शिरतो. कापडावर थर बसत नसल्याने स्पर्श मऊ राहतो आणि रंग धुण्यात जात नाही. पण हे केवळ पॉलिस्टरवर घडते. शुद्ध सुती कापड हा रंग धरत नाही. पांढरी शाई या पद्धतीत नसते, म्हणजे चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचाच पांढरा, त्यामुळे कापड शुभ्र किंवा अगदी फिके हवे. घरच्या इस्त्रीने हे काम समाधानकारक होत नाही. तापमान आणि दाब सर्वत्र सारखा ठेवणारे हीट प्रेस यंत्र लागते.

येथे एक सावधगिरी. सब्लिमेशनमध्ये आणि फिक्या कापडावर इस्त्रीने उमटवायच्या कागदांतही चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते. माझ्या पहिल्याच अभ्र्यात मी हे विसरलो. मुले छान उमटली, कोणाला काही खटकलेही नाही, पण त्यांच्या मागच्या फळ्यावरची सगळी अक्षरे उलटी होती. चित्रात फळा, तक्ता किंवा बाटलीवरची चिठ्ठी असेल तर दाबण्यापूर्वी कागदावरची अक्षरे उलटीच आहेत ना, हे पाहावे.

सुती किंवा लिननच हवे असेल तर डिजिटल छपाई करणाऱ्यांकडे रिअ‍ॅक्टिव्ह किंवा पिगमेंट शाईची छपाई मागावी. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, त्यासाठी कापडाला आधी सोड्याची प्रक्रिया आणि नंतर वाफ व धुलाई लागते. रंग सखोल दिसतो. पिगमेंट शाई उष्णतेने वर पक्की होते, काम झटपट होते, पण सतत घासल्या जाणाऱ्या उशीवर ती कालांतराने फिकी पडते. डीटीएफ म्हणजे फिल्मवरून चिकटवलेली छपाई उशीसाठी मी टाळतो. तिचा प्लास्टिकसारखा थर गालाला टोचतो आणि दुमडीवर भेगाळतो. रेषाचित्राला मात्र यांतले काहीच लागत नाही. जाडसर न रंगवलेल्या सुती कापडावर एका रंगाची स्क्रीन प्रिंटिंग ही त्याची खरी जागा आहे. ठशाच्या रेषांचा ठसठशीतपणा तिच्यात जसा उतरतो तसा दुसऱ्या कशात उतरत नाही.

सायनोटाइप : छपाई हाच प्रयोग

ज्यांना हाताने काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी या विषयाला सर्वांत साजेशी पद्धत सायनोटाइप, म्हणजे उन्हाने निळे चित्र उमटवण्याची पद्धत, ही आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती 1842 मध्ये शोधली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी दुसऱ्याच वर्षी तिच्या साहाय्याने शैवालांची चित्रे छापायला सुरुवात केली. वर उल्लेखिलेल्या वॉशिंग्टनच्या शाळांच्या छायाचित्रांच्या अनेक प्रतीही निळ्या सायनोटाइपच आहेत. त्यामुळे तेथील एखादे चित्र याच निळ्या रंगात कापडावर आणणे म्हणजे त्याला मूळ रूप देण्यासारखे आहे.

100 मि.लि. पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या भांड्यात 100 मि.लि. पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाईड विरघळवावे. वापरण्यापूर्वी दोन्ही द्रावणे सारख्या प्रमाणात एकत्र करावीत. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरीसायनाईडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. आधी धुऊन मांड काढलेले शुद्ध सुती कापड घ्यावे, मंद पिवळ्या दिव्यात स्पंजच्या ब्रशने द्रावण लावावे आणि कापड अंधारात पूर्ण वाळू द्यावे. वाळलेले कापड हिरवट-पिवळे दिसते.

चित्राची ऋणप्रत, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे केलेली प्रत, पारदर्शक फिल्मवर छापावी. या पद्धतीत चित्र फिल्मएवढेच येते, आणि घरच्या छपाईयंत्राचा ए-4 कागद 21 सें.मी. रुंद असतो. म्हणून 20 सें.मी.चे चित्र मधोमध ठेवून भोवती साध्या कापडाची चौकट जोडावी, किंवा चार प्रसंग छापून ते गोधडीसारखे एकत्र शिवावेत. फिल्मची शाईची बाजू कापडाला टेकेल असे पाहावे (म्हणजे येथेही चित्र आधी उलटे करणे आलेच), वर काच दाबावी आणि कडक उन्हात 10 ते 20 मिनिटे ठेवावे. उघड्या कडा राखाडी-कांस्य दिसू लागल्या की उचलून वाहत्या पाण्यात पिवळेपणा संपेपर्यंत धुवावे. निळा रंग एक दिवसभर हवेत गडद होत जातो. घाई असेल तर पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यास तो तत्काळ उठतो. हा बदल मुलांना समोर बसवून दाखवावा.

शिवण

पाकिटासारखी पाठ सर्वांत सोपी असून तिला झिप लागत नाही. 45 सें.मी.च्या अभ्र्यासाठी पुढचा तुकडा 48 सें.मी. चौरस आणि पाठीचे दोन तुकडे प्रत्येकी 48 बाय 32 सें.मी. कापावेत. पाठीच्या प्रत्येक तुकड्याची एक लांब कड आधी 1 आणि मग 1.5 सें.मी. दुमडून टीप मारावी. मग दोन्ही तुकडे एकमेकांवर सुमारे 11 सें.मी. चढतात आणि आतली उशी बाहेर डोकावत नाही. पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवावा, त्यावर पाठीचे तुकडे उलटी बाजू वर येईल असे रचावेत, टाचण्या लावाव्यात आणि 1.5 सें.मी. आतून, 2.5 मि.मी.च्या टाक्याने चारही बाजू शिवाव्यात. चित्र किंचितही तिरके छापले गेले असेल तर कापडाच्या कडेऐवजी चित्रातल्या एखाद्या सरळ रेषेला, टेबलाच्या किंवा फळ्याच्या कडेला, प्रमाण मानून कापावे, कारण डोळा तिरका टेबल लगेच पकडतो.

कोपरे काटकोनात शिवले की भरल्यावर ते कुत्र्याच्या कानांसारखे पोकळ लोंबतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक कोपऱ्यापासून 10 सें.मी. अलीकडून शिवण हळूहळू आत वळवत न्यावी, म्हणजे कोपऱ्याशी ती 1 सें.मी. अधिक आत येईल. जादा कापड कापून, कडांना झिगझॅग टाका घालून अभ्रा सुलटा करावा. आतली उशी 50 सें.मी.ची घ्यावी. अभ्र्यापेक्षा उशी जराशी मोठी असली की चित्र ताणलेले राहते आणि चेहऱ्यांवर सुरकुत्या पडत नाहीत.

धुताना अभ्रा उलटा करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा आणि इस्त्री उलट्या बाजूनेच करावी. सायनोटाइपला मात्र धुण्याचा सोडा आणि ब्लीच अजिबात चालत नाही, क्षारधर्मी पाण्यात तो निळा रंग पिवळा पडतो. खिडकीशी ठेवलेली अशी उशी उन्हाने फिकी झाली तर लगेच टाकून देऊ नये. काही दिवस तिला अंधाऱ्या कपाटात ठेवल्यास गेलेला निळा रंग बराचसा परत येतो.